पिवळा दिवा आणि निदानाचे पैसे

गाडी नीट चालते. पिकअप पडलेला नाही, मायलेजही जवळपास तेच आहे. पण डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा महिनाभर विझायला तयार नाही. गॅरेजच्या दोन खेपा झाल्या, एक सेन्सर बदलून झाला, आणि चौथ्या दिवशी दिवा परत लागला. हा अनुभव इतक्या जणांना आला आहे की, त्यावर दोन तट पडले आहेत. हौशी मंडळी म्हणतात, स्वतःचा स्कॅनर घ्या, कोड वाचा, नको तो खर्च टळेल. साशंक मंडळींचं मत असं की, अर्धवट माहितीने खर्च वाढतोच. दोन्हीकडे बोलण्यासारखं खरोखर आहे, म्हणून त्यांना समोरासमोर बोलू दिलेलं बरं.

हौशी : या दिव्याची भीती वाटते, कारण त्याची भाषा आपल्याला कुणी शिकवलेली नाही. मुळात तो इंजिनाच्या काळजीपोटी आलेलाच नाही, हवेच्या काळजीपोटी आला. धुरक्याने गांजलेल्या कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलांपासून गाडीच्या संगणकाला स्वतःची तपासणी करायला लावलं. पुढे १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारना एकच सॉकेट आणि एकच कोडभाषा सक्तीची झाली. तीच ही ओबीडी-२. आपल्याकडे भारत स्टेज ४ बरोबर २०१०मध्ये तिची पहिली पायरी आली आणि २०१३पासून दुसरी. म्हणजे गेल्या दहा-बारा वर्षांतली कुठलीही पेट्रोल किंवा डिझेल कार घ्या, स्टीअरिंगखाली हात घातला की १६ पिनांचं सॉकेट सापडतं. भाषा सगळ्यांना एक ठेवली ती शोरूमबाहेरच्या मेकॅनिकलाही दोष वाचता यावा म्हणूनच.

आता हजारभर रुपयांत अंगठ्याएवढा ब्लूटूथ स्कॅनर मिळतो आणि मोबाइलवर कोड दिसतो. 'दिवा लागलाय, बघा जरा' असं म्हणत गॅरेजात शिरणारा माणूस आणि 'पी-०१७१ आहे, नोंद झाली तेव्हा इंजिन गरम होतं, गाडी सिग्नलला उभी होती' असं सांगणारा माणूस, या दोघांच्या बिलात फरक पडतो. मग हे हजार रुपये आधी का खर्चू नयेत?

साशंक : सॉकेट सापडलं म्हणून भाषा आली असं होत नाही. कोड वाचणं आणि दोष कळणं यांत मोठं अंतर आहे, आणि लोकांचे पैसे त्याच अंतरात जातात. पी-०४२० घ्या. अ‍ॅप सांगतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली. वाचणारा लगेच कन्व्हर्टरची किंमत विचारायला लागतो. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले धातू, त्यामुळे किंमत ऐकून घाम फुटतो.

पण संगणकाने कन्व्हर्टर उघडून पाहिलेला नसतो. कन्व्हर्टरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. नेहमीच्या प्रकारात अलीकडचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली नाचतो, पलीकडचा जवळपास स्थिर राहायला हवा. पलीकडचाही नाचू लागला की संगणक अनुमान काढतो, कन्व्हर्टर थकला. आता सायलेन्सरच्या जोडातून गळती असली किंवा पलीकडच्या सेन्सरमध्येच बिघाड असला, तरी हाच कोड येऊ शकतो. पी-०१३५चंही तेच. त्याचा अर्थ ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष. लोक 'सेन्सर' एवढंच वाचतात आणि 'सर्किट' सोडून देतात. सर्किटमध्ये फ्यूज येतो, वायर येते, कनेक्टर येतो, अर्थिंग येतं. फ्यूज उडालेला असताना काही हजारांचा सेन्सर बसवला जातो, आणि दिवा जिथल्या तिथे. तुमचा स्कॅनर लक्षण दाखवतो. लक्षण वाचून परस्पर औषध घेणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

हौशी : लक्षण हे औषध नव्हे, मान्य. पण स्कॅनर कोडवर थांबत नाही, थांबतो तो वापरणारा. त्याच अ‍ॅपमध्ये चालू इंजिनाची आकडेवारी दिसते, आणि खरं निदान तिथे सुरू होतं.

पी-०१७१ म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पेट्रोल पुरतं जळायला एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. संगणक ऑक्सिजन सेन्सरकडे बघत पेट्रोल कमीजास्त करत राहतो आणि किती टक्के वाढवलं याचा हिशोब ठेवतो. त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. ट्रिम शून्याच्या आसपास, फार तर पाच-दहा टक्के इकडेतिकडे असावा. समजा, आयडलिंगला तो २० टक्के आहे आणि २५०० आरपीएमवर ५ वर येतो. उभ्या गाडीत इंजिन हवा थोडीच ओढतं, त्यामुळे चिरलेल्या व्हॅक्युम होजमधून चोरून शिरणारी हवा तिथे मोठी ठरते. वेग वाढला की त्याच चिरेचा वाटा नगण्य होतो. उलट जोर पडल्यावर ट्रिम वाढत गेला, तर पेट्रोलचा दाब कमी पडतोय किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय असा संशय घ्यायचा. एक पैसा न देता शोध अर्ध्यावर आला.

पी-०३०२ बघा, दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या गाडीत इंजिन थंड असताना दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावायची. कोड पी-०३०३ झाला तर दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइलच गेली. कोड जागेवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन या क्रमाने जायचं. एरवी चारही कॉइल आणि चारही प्लग बदलून मोठं बिल निघालं असतं.

साशंक : कॉइलची अदलाबदल उत्तम, तिला हरकत नाही. पण ट्रिमची युक्ती ज्या गाड्यांवर शिकवली जाते त्यांत हवा मोजणारा एअर-फ्लो सेन्सर असतो. आपल्या रस्त्यांवरच्या कितीतरी छोट्या पेट्रोल गाड्यांत तो नसतोच. त्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. होज चिरली की दाब बदलतो, मॅप सेन्सरला तो कळतो आणि संगणक त्या हिशोबाने पेट्रोलही वाढवतो. मिश्रण फारसं लीन होत नाही, उलट आयडलिंग चढतं. म्हणजे तीच चीर एका गाडीत एक बोलते आणि दुसऱ्या गाडीत दुसरं. व्हिडिओ पाहून शिकलेल्याला हा फरक कोण सांगणार?

अमेरिकेतला आणखी एक सल्ला सगळीकडे फिरतो, पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा, दिवा जाईल. तिथे खरा आहे, कारण तिथल्या नियमांनुसार गाडी टाकीतल्या बाष्पाची गळतीही तपासते. आपण नियम घेतले युरोपच्या वाटेने, आणि त्या वाटेवर गळतीची ही चाचणी सक्तीची नव्हती. त्यामुळे इथे झाकण आवळून बहुतेकांच्या हाती काही लागत नाही.

आपल्याकडची कारणं वेगळी आहेत. पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधत उंदीर येतात आणि वायरिंग कुरतडतात. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की कनेक्टरमध्ये ओल शिरते. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचं ट्यूनिंग बिघडतं. पूर्वीच्या सवयीने एखादा मेस्त्री 'आपल्या हवेत लागत नाही' म्हणून थर्मोस्टॅट काढून ठेवतो, मग इंजिन हवं तेवढं तापत नाही आणि काही गाड्यांत पी-०१२८ येतो. गल्लीतल्या ज्या माणसाने अशा शेकडो गाड्या पाहिल्या आहेत, तो टॉर्च मारून दोन मिनिटांत कुरतडलेली वायर दाखवतो. तुमच्या अ‍ॅपला उंदीर दिसत नाही.

हौशी : मग टॉर्च आधी आणि स्कॅनर मागाहून, असा क्रम लावू. बॉनेट उघडून वायरी, होज, कनेक्टर बघणं फुकट आहे. त्यानंतर बॅटरी. पाच-सहा असंबद्ध कोड एकाच वेळी आले, तर पाच-सहा भाग एकदम गेले असं धरू नये. साधा मल्टीमीटर लावावा. इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा असायला हवेत. म्हाताऱ्या बॅटरीने किंवा गंजलेल्या अर्थिंगने चांगले सेन्सरही वेडंवाकडं बोलतात.

सीएनजीचा तर सगळ्यात स्वस्त तपास घरी होतो. गाडी चार दिवस फक्त पेट्रोलवर चालवायची. ट्रिम शून्याकडे परतला तर गाडी ठीक आहे, ट्यूनिंग किटचं हवं. तसंच इथेनॉलचं. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवा थोडी कमी लागते, १४.७च्या जागी सुमारे साडेतेरा भाग. त्यामुळे जुन्या गाडीचा ट्रिम थोडा सरकतो. एकट्या इथेनॉलने दिवा लागावा इतका तो फरक नसतो, पण जी गाडी आधीच मर्यादेच्या कडेवर उभी आहे ती त्याने पलीकडे जाऊ शकते. हे ज्याला ठाऊक आहे तो 'पेट्रोल खराब' म्हणून थांबणार नाही, आणि 'इंजेक्टर बदला' म्हटल्यावर लगेच हो म्हणणार नाही.

साशंक : या सगळ्याला वेळ लागतो. नोकरी करणारा माणूस शनिवार-रविवार बॉनेटखाली डोकं घालून बसणार नाही, आणि त्याने बसावं अशी अपेक्षाही रास्त नाही. तो गॅरेजातच जाणार. तिथे स्कॅनर आहे, तुमच्यापेक्षा महागाचा आहे, एबीएस आणि एअरबॅगचेही कोड वाचणारा आहे. तरी दिवा परत का लागतो? स्कॅनर नाही म्हणून तर नक्कीच नाही.

हौशी : याचं उत्तर बिलात आहे. कुठलंही जुनं बिल काढून बघा. भागाची किंमत असते, लेबर असतं, ऑइल असतं. 'दोष शोधला' अशी ओळ फार थोड्या बिलांवर दिसते. स्कॅनिंगचे काही पैसे लावले तरी ते यंत्र लावून कोड वाचण्याचे असतात. दोन तास वायर तपासून, व्होल्टेज मोजून शेवटी कनेक्टर साफ केला, तर त्या माणसाने काय मागायचं? त्याने हजार रुपये सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं, 'बदललं तर काहीच नाही, हजार कशाचे?' चार हजारांचा सेन्सर बसवून पाच हजारांचं बिल दिलं, तर तोच माणूस निमूट देतो, कारण हातात जुना सेन्सर दिसतो. गॅरेजवाल्याला आपणच शिकवलं की शोधण्याला मोल नाही, बदलण्याला आहे. मग तो बदलतो.

साशंक : इथे तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. डॉक्टरने तपासून 'औषधाची गरज नाही' म्हटलं तरी आपण त्यांची फी देतो, समाधानाने देतो. गाडीच्या बाबतीत बदललेला भाग हीच फी झाली आहे. गॅरेजवाल्याची नियत चांगली असली तरी ही रचना त्याला अंदाजाने भाग बदलायला लावते.

पण मग पुढचा प्रश्न येतो. निदानाचे पैसे द्यायचे ठरवले, तरी निदान खरंच झालं हे गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? डॉक्टरच्या पदवीमागे विद्यापीठ आहे, परिषद आहे. कोपऱ्यावरच्या गॅरेजमागे शेजाऱ्याची शिफारस आहे. 'तपासणीचे आठशे' असं बिलावर आलं आणि तपासणी म्हणजे यंत्र लावून कोड वाचला एवढीच असली, तर लोकांचे आठशे जास्त गेले, बाकी सगळं तसंच.

हौशी : म्हणून एक प्रश्न विचारायचा, आणि तो विचारायला मेकॅनिक असावं लागत नाही. 'हा भाग गेलाय हे कोणत्या चाचणीत दिसलं, आणि आकडा किती आला?' ज्याने चाचणी केली त्याच्याकडे उत्तर असतं: हीटरला बारा व्होल्ट येत होते, पण हीटरचा रोध मोजला तर सर्किट तुटलेलं निघालं, म्हणून सेन्सर. ज्याने केली नाही तो म्हणतो, 'या मॉडेलला हाच प्रॉब्लेम असतो.' ते चूक असेलच असं नाही, अनुभवाला किंमत आहे. पण निदान हे नव्हे, तो अंदाज आहे, आणि अंदाजावर किती पैसे लावायचे ते मालकाने ठरवावं. शिवाय बदललेला जुना भाग मागून घ्यावा, आणि कोड काय होता ते बिलावर लिहून घ्यावं.

साशंक : कोड लिहून घ्यावा हे बरोबर, कारण गॅरेजात पहिली गोष्ट होते ती कोड उडवण्याची. यंत्र लावलं, डिलीट केलं, दिवा गेला, गिऱ्हाईक खूश. घरी तर लोक बॅटरीची वायर काढून ठेवतात. त्यात काय पुसलं जातं ते फार थोड्यांना माहीत असतं. कोड साठवताना संगणक त्या क्षणाचं एक चित्रही साठवतो: आरपीएम किती, वेग किती, इंजिनाचं तापमान किती, जोर किती. शोधणाऱ्याला सगळ्यात मोलाचा पुरावा तोच, आणि पहिल्या पाच मिनिटांत तो नष्ट होतो.

हौशी : आणि चौथ्या दिवशी दिवा परत लागण्याचं कारणही इथेच आहे. बऱ्याच दोषांसाठी नियम असा आहे की, दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसला तरच दिवा लावायचा. शिवाय प्रत्येक फेरीत प्रत्येक तपासणी होते असंही नाही. कन्व्हर्टरची तपासणी व्हायला इंजिन पुरतं गरम आणि गाडी काही वेळ सलग वेगात लागते, शहरातल्या दोन किलोमीटरच्या खेपेत ती होतच नाही. आता विचार करा. चुकीचा भाग बदलला आणि कोड पुसला. संगणकाने तपासणी पुन्हा नव्याने सुरू केली. दोष तसाच आहे, पण तो पुन्हा पकडून दिवा लावायला दोन-चार दिवस जाणारच. त्या दिवसांत चुकीची दुरुस्ती बरोबर दिसते. गिऱ्हाईक पैसे देऊन मोकळं झालं आणि गॅरेजवाल्यालाही मनापासून वाटलं की काम झालं. दोघांचीही फसगत या पुसण्यानेच होते.

उलटही खरं आहे. लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही, तर दिवा आपोआप विझतो. नोंद मात्र आत राहते. इंजिन थंड होऊन पुन्हा तापण्याची साधारण चाळीस आवर्तनं दोषाशिवाय गेली की तीही जाते. म्हणून पावसात लागलेला दिवा ऊन पडल्यावर विझला, तर घाईने काही बदलू नये. ओल कुठे शिरते ते बघावं.

साशंक : थांबायचं म्हणता, तर कधी थांबायचं नाही हेही स्पष्ट बोलू. दिवा लुकलुकत असेल तर वाट बघत बसायचं नाही. त्याचा अर्थ मिसफायर इतका जोरात आहे की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय आणि आतलं जाळीदार सिरॅमिक वितळू शकतं. एक कॉइल न बदलल्यामुळे कन्व्हर्टर जातो. वेग कमी करायचा, जोर द्यायचा नाही, जमेल तितक्या लवकर गाडी उभी करायची. लाल रंगाचे ऑइलचे आणि तापमानाचे दिवे तर त्याहून निकडीचे, तिथे इंजिन लगेच बंद.

पण स्थिर पिवळा दिवा आणि नीट चालणारी गाडी, या जोडीबद्दल मला सरळ विचारायचंय. खर्च करावाच का? बारा वर्षांची गाडी आहे. पी-०४२० येतो. गळती नाही, सेन्सर ठीक आहेत, कन्व्हर्टर खरंच थकलाय. म्हणजे तुमच्या पद्धतीने पूर्ण, प्रामाणिक निदान झालं. नव्या कन्व्हर्टरचा खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीचा मोठा हिस्सा खाईल. गाडी पीयूसी पास होते, कारण आपल्याकडे पीयूसीला नळीतला धूर मोजतात, गाडीच्या संगणकाला काही विचारत नाहीत. मालक पगारदार आहे, मुलीची फी भरायची आहे. त्याला तुम्ही काय सांगाल?

हौशी : आधी व्यवहाराचं सांगेन. लागलेला दिवा दुसऱ्यांदा लागू शकत नाही. उद्या कूलंटचा सेन्सर किंवा मिसफायरचा कोड आला तर त्या मालकाला कळणार कसं? त्याने निदान महिन्यातून एकदा कोड वाचत राहावं, नवा काही आलाय का बघावं. आणि कन्व्हर्टर का थकला ते शोधावं. इंजिन ऑइल जाळत असेल, तर नवा कन्व्हर्टरही लवकर जाईल.

त्यापुढचं सांगणं अवघड आहे, तरी सांगतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, या तिन्हींना निरुपद्रवी करण्याचं काम तो डबा करतो. १९९५मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना तो सक्तीचा झाला, तेव्हा त्यासाठी शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं. अमेरिकी नियमांत बऱ्याच दोषांसाठी दिव्याची रेषा प्रदूषणाच्या मर्यादेच्या दीडपटीवर आखलेली आहे. दिवा लागला म्हणजे मालकाचं नुकसान होतंच असं नाही. मागच्या स्कूटरवरच्या पोराचं होतंय.

साशंक : मागच्या पोराची काळजी खरी आहे, पण ती कुणी किती करायची? २०१५च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनची चोरी उघड केली. चाचणीत स्वच्छ दिसणाऱ्या डिझेल गाड्या रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत सोडत होत्या. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. आपल्याकडेही पुण्याच्या एआरएआयने तपासणी केली आणि तीन लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्या गाड्यांच्या चालकांना डॅशबोर्डवरच्या दिव्याने कधी सावध केलं नाही. दिवा तेवढंच बोलतो जेवढं बनवणाऱ्याने त्याला शिकवलं. मोठी कंपनी वर्षानुवर्षं निभावून नेते, आणि बारा वर्षांच्या गाडीच्या मालकाने स्वतःच्या खिशातून हवा स्वच्छ ठेवावी, यात न्याय दिसत नाही.

डिझेलचंही बघा. भारत स्टेज ६च्या बऱ्याच डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर असतो. ती जाळायला नळीत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि ते गाठायला सलग वेगातली दौड. रोज चार किलोमीटर गर्दीतून गाडी नेणाऱ्याचा फिल्टर तुंबणारच. भाग चांगला आहे, गाडी चांगली आहे, वापर तिला मानवत नाही. गाडी विकताना हे किती जणांना समजावलं गेलं?

हौशी : फोक्सवॅगनची चोरी पकडली गेली ती नळीतला धूर रस्त्यावर मोजल्यामुळे. म्हणजे मोजण्यानेच. त्यातून 'दिव्यावर विश्वास नको' असा निष्कर्ष काढण्यापेक्षा 'दिवा आणि धूर दोन्ही तपासा' असा काढावा. पीयूसीला नळीबरोबर सॉकेटही तपासलं तर काय बिघडेल? आणि डिझेलवाल्याचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. फिल्टर तुंबायला लागल्याचा इशारा पहिल्यांदा दिसतो तेव्हा अनेकदा महामार्गावरची वीस मिनिटांची दौड पुरते. तेव्हा दुर्लक्ष केलं की वर्कशॉप, आणि पुढे फिल्टर बदलणं. बिल वाढतं ते उशिरामुळे.

साशंक : सॉकेट तपासलं तर बिघडेल हे, की कोड पुसून आणण्याचं नवं दुकान उघडेल.

हौशी : तेही पकडता येतं. कोड पुसले की तपासण्या अपूर्ण असल्याची खूण संगणकात दिसते. अमेरिकेत अनेक राज्यांत ती खूण बघूनच गाडी परत पाठवतात. अडचण यंत्राची नाही.

साशंक : ठीक, यंत्राची नाही. पण बारा वर्षांच्या गाडीचा मालक अजून तिथेच उभा आहे. त्याच्या गाडीचं निदान चोख झालं, एक रुपया वाया गेला नाही, आणि त्या चोख निदानानेच त्याच्यासमोर न परवडणारा आकडा ठेवला. कमी खर्चात निदान कसं करावं हे आपण शोधून काढलं. निदानानंतरचा खर्च त्याने एकट्याने का सोसावा, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

हौशी : नाही सांगितलं. सध्या एवढंच म्हणू शकतो की त्याला खरा आकडा कळला, आणि तो कळण्यासाठी आधी तीन चुकीचे भाग बदलावे लागले नाहीत.

हा वाद इथे मिटत नाही. जुन्या गाडीच्या हवेचा हिशोब मालक, बनवणारा आणि सरकार यांच्यात कसा वाटावा, यावर दोघांचं जमलेलं नाही आणि लवकर जमेल असंही दिसत नाही. मात्र एका गोष्टीवर दोघेही आले आहेत: पैसे पहिल्यांदा शोधण्यावर खर्च व्हावेत, भागावर त्यानंतर. म्हणून ज्यांच्या डॅशबोर्डवर तो दिवा आज लागलेला आहे त्यांना विनंती. तो कधी लागला, तेव्हा गाडी थंड होती की गरम, पाऊस होता का, गाडी गॅसवर होती का, हे आजच लिहून ठेवा. गॅरेजात गेल्यावर कोड पुसण्याआधी तो आणि त्यासोबतची नोंद उतरवून घ्या. आणि मेकॅनिकने तास-दोन तास घालवून शेवटी फक्त एक कनेक्टर साफ करून दिला, तर त्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्या.